आजार रक्तात की वाटेत?

रावेरच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे तोंड केले की सातपुडा दिसतो. केळीच्या बागा संपतात, वाट हळूहळू चढू लागते आणि मोटारीने तासाभरात आपण पालला पोचतो. खाली लेवा, गुजर, मराठा, बौद्ध, मुसलमान अशी मिश्र वस्ती. वर पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवी मंडळी. अंतर म्हणावे तर अगदी थोडे. केळीचा घड कापायला आणि कापूस वेचायला वरची माणसे खाली येतात, बाजाराला येतात, संध्याकाळी परतही जातात. पण जगण्यामरण्याच्या हिशेबात हेच अंतर फार मोठे होते. त्याविषयी आज बोलायचे आहे, आणि बोलता बोलता अमेरिकेपर्यंत जाऊन यायचे आहे, कारण हे दुखणे एकट्या सातपुड्याचे नाही.

आपल्याकडे दोन वाक्ये फार सहज बोलली जातात. "ती माणसं काटक, त्यांना काही होत नाही," हे एक. दुसरे असे की, "त्यांच्यात मुलं दगावतातच, त्यांचं असंच असतं." पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच ओट्यावर, एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील? पण दोन्हींचा उपयोग मात्र सारखाच होतो. काटक आहे म्हणून औषधाची गरज नाही, आणि दगावणारच आहे म्हणून औषधाचा उपयोग नाही. बोलणारा मोकळा झाला.

आता आकडा पाहा. २०१५-१६ साली देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात असे आढळले की, अनुसूचित जमातींत जन्मलेल्या हजार मुलांपैकी ५७ मुले वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधीच दगावत होती. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्ग सोडून उरलेला जो समाज, त्यात हाच आकडा ३९ च्या आसपास होता. हजारामागे अठरा मुलांचा फरक. पटावर हजार मुले असलेली शाळा शिक्षकांनी डोळ्यांसमोर आणावी, आणि त्यातली अठरा नावे केवळ जन्म कुठल्या घरी झाला एवढ्यावरून खोडावी. फरक तो एवढा आहे.

हा फरक कशाने पडतो? रक्ताने, की आणखी कशाने? मी इतिहास शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नाला इतिहासाची बाजू मोठी आहे, म्हणून हे धाडस करतो.

"काटक" या शब्दापासूनच सुरुवात करू. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवले जात होते, तेव्हा तिथले काही गोरे डॉक्टर असे लिहीत की, यांची कातडी जाड असते, यांना वेदना कमी होतात. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली. समजूत गेली नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व शिकाऊ डॉक्टरांना याविषयी विचारले गेले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना अशा खोट्या समजुतींपैकी एखादी तरी खरी वाटत होती! आणि ज्यांना ती खरी वाटली, ते काळ्या रुग्णाच्या वेदनेची किंमत कमी करीत होते. म्हणजे दुखणे तेवढेच, पण औषध कमी. आपल्या ओट्यावरचे "काटक" आणि तिकडची "जाड कातडी" ही मला तरी सख्खी भावंडे वाटतात.

माणसाचे सोडा, यंत्रसुद्धा कधी कधी पक्षपात करते. करोनाच्या साथीत बोटाला लावायची ती चिमटी आठवते ना, रक्तातला प्राणवायू मोजणारी? ती बोटातून उजेड आरपार पाठवून मोजमाप करते. २०२० साली अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असतानाही चिमटी "ठीक आहे" म्हणून सांगते, असे काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडते. यंत्राच्या मनात काही वाईट नव्हते. ते बनवताना आणि तपासताना गडद कातडीच्या बोटांचा विचार पुरेसा झाला नव्हता, इतकेच. आपण खानदेशातली उन्हातली माणसे. ही गोष्ट आपणही लक्षात ठेवलेली बरी.

आता कुणी म्हणेल, "प्राध्यापक, ते सगळं खरं, पण काही आजार रक्तातच असतात, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी मुद्दाम असाच एक आजार निवडला आहे, जो खरोखरच रक्तातला आहे आणि आपल्या सातपुड्यातही आहे. त्याचे नाव सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, गोल आणि लवचीक. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. निरोगी पेशी चारेक महिने टिकते. ही दहावीस दिवसांतच फुटते, म्हणून अंगात रक्त कमी पडते. शिवाय या वाकड्या पेशी बारीक नळ्यांत अडकून बसतात. ज्या ठिकाणी अडकतात तिथे असह्य कळा येतात. सांध्यांत, पाठीत, पोटात. प्लीहा निकामी होते आणि साधा जंतूही लहान मुलाच्या जिवावर उठतो.

हा आजार लागट नाही. स्पर्शाने, उष्ट्याने, एकत्र झोपल्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो. प्रत्येकाला रक्ताच्या या गुणाचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकच वाटा बिघडलेला असला तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही वाटे बिघडलेले आले तर तो रुग्ण. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याचा संभव चारात एक असतो. प्रत्येक बाळंतपणात, हे ध्यानात घ्या. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन नक्की बरी, असा हा हिशेब नव्हे.

१९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी या पेशींचे वर्णन प्रथम छापले. त्यांचा रुग्ण वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून आलेला एक काळा विद्यार्थी होता. झाले! पुढे कितीतरी वर्षे हा "काळ्यांचा आजार" म्हणूनच ओळखला गेला. पण ग्रीसमध्ये, सिसिलीत, अरबस्तानातही तोच आजार सापडला, आणि १९५२ साली आपल्याकडे निलगिरीच्या आदिवासींतही. पुढे पुण्याचे डॉक्टर सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत या आजारावर आयुष्यभर काम केले. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा अनेक जमातींत आणि विदर्भातल्या इतर काही समाजांतही हा गुण आढळला आहे.

ग्रीक माणूस, काळा अमेरिकन आणि आपला पावरा यांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती? वंश नव्हे, हिवताप. १९५४ साली ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत पाहिले की, ज्याच्या रक्तात सिकलचा एकच वाटा आहे त्याला जिवावरचा हिवताप सहसा मारू शकत नाही. म्हणून जिथे जिथे हिवतापाने शतकानुशतके मुले नेली, तिथे तिथे हा गुण टिकून राहिला. सातपुड्याचा हिवताप तर आपल्या आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. तेव्हा, श्रोतेहो, हा गुण कुण्या हलक्या रक्ताची खूण नाही. ज्या रानात दुसरा टिकला नसता त्या रानात टिकून राहिलेल्यांची ती निशाणी आहे.

आणि आता खरी गोष्ट. अमेरिकेत १९७३ च्या सुमारास सिकलसेलचा रुग्ण सरासरी चौदा वर्षे जगत होता. १९९४ साली तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा पुरुषांचे आयुष्य ४२ आणि स्त्रियांचे ४८ वर्षांपर्यंत गेलेले दिसले. या वीस वर्षांत रक्त बदलले का? मुळीच नाही. काळ्या नागरिकांच्या हक्कांची चळवळ झाली, १९७२ साली या आजारासाठी कायदा झाला, पैसा मिळाला. पुढे १९८६ साली सिद्ध झाले की, अशा बाळाला लहानपणापासून रोज पेनिसिलिन दिले तर जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण शंभरातून चौऱ्याऐंशीने घटते. औषध काही महागातले नव्हते, पेनिसिलिन जुनेच. नवे होते ते एवढेच, की बाळ जन्मल्याबरोबर त्याचे रक्त तपासायचे आणि मग त्याचा माग सोडायचा नाही. पुढे हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आली, तिने कळांचे झटके कमी झाले. अर्थात तिकडेही सगळे गोड झाले असे नाही. कळांनी तळमळणारा काळा रुग्ण रात्री इस्पितळात गेला, तर "हा नशेसाठी औषध मागतो" असा संशय अजूनही घेतला जातो. आपल्याकडे "नाटक करते" म्हणतात. भाषा निराळी, तऱ्हा एक.

आता हाच आजार घेऊन सातपुड्यात या. पावरा बाईचे मूल कळांनी रडते आहे. पाड्यापासून रस्ता दूर असेल तर बांबूला झोळी बांधून मुलाला न्यायचे. नवरा मजुरीवर असेल तर सोबत कुणी नाही. डोंगराची धार ओलांडली की राज्य बदलते. कार्ड एका राज्यातले आणि आजारपण दुसऱ्या राज्यातले, असे होते. दवाखान्यात पोचल्यावर तिची भाषा पावरी, समोरच्याची मराठी. "कधीपासून दुखतं?" या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दुभाषी नाही. त्यात समोरचा माणूस खेकसला, की ती पुढच्या वेळी बडव्याकडे जाते. तो निदान तिच्या बोलीत बोलतो आणि तिला बसा म्हणतो. मग आपण म्हणतो, "अंधश्रद्धा फार." अंधश्रद्धा आहे, मी नाकारीत नाही. पण बडव्याच्या दारात तिला जो मान मिळतो त्याचा हिशेब कुणी करतो का? शिवाय सरकारी माणसाची भीती या डोंगरात काल-परवाची नाही. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हापासून भिल्लांकडे आधी बंडखोर म्हणून आणि पुढे रानाचे चोर म्हणून पाहिले गेले. रान राखीव झाले, आणि खाकी कपडा दिसला की पळायचे हे लहान मुलांनाही शिकवावे लागले. त्या मुलांच्या नातवंडांनी पांढऱ्या कपड्यावर एकदम विश्वास कसा ठेवावा?

रक्त आणि वागणूक यांचा निवाडा करणारी एक फार बोलकी पाहणी अमेरिकेतच झाली. इलिनॉय राज्यातल्या बाळांच्या जन्माच्या वजनांचा हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांची बाळे सरासरी ३४४६ ग्रॅम. आफ्रिकेत जन्मून तिकडे गेलेल्या काळ्या आयांची ३३३३ ग्रॅम. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या आयांची ३०८९ ग्रॅम. रक्ताचा दोष असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बायांची बाळे सर्वांत हलकी निघायला हवी होती. निघाली ती गोऱ्यांच्या जवळपास. ज्या बाईने जन्मापासून त्या देशात "काळी" म्हणून दिवस काढले, तिच्या बाळाचे वजन सर्वांत कमी भरले. तिकडे बाळंतपणातले मृत्यूही असेच आहेत. २०२३ साली दर लाख जन्मांमागे गोऱ्या स्त्रिया १४.५, तर काळ्या स्त्रिया ५०.३ दगावल्या, आणि हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांतल्या एका देशात. ऑस्ट्रेलियातले आदिवासी तिथल्या इतर लोकांपेक्षा आठ-नऊ वर्षे आधी मरतात. त्या देशात काय दवाखाने कमी आहेत?

आपल्याकडे वंशाची जागा जातीने घेतलेली आहे. दोन्ही गोष्टी एकच असे मी म्हणत नाही. पण आजाऱ्याच्या खाटेपाशी दोन्हींची वागणूक सारखीच दिसते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत एक हकिकत नोंदवली आहे. ती प्रथम गांधीजींच्या 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ ला छापून आली होती. शिक्षक श्रोत्यांनी ती जरूर ऐकावी, कारण ती एका शिक्षकाचीच आहे. काठेवाडातला हा अस्पृश्य समाजातला शिक्षक. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, आणि अट अशी की बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायचे. डॉक्टराने ताप पाहायची नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिली, त्याने ती शिक्षकाला, शिक्षकाने बायकोला. आणि त्याच वाटेने ती परत गेली. डॉक्टराने तिला हातही लावला नाही. न्युमोनिया झाल्याचे सांगितले, आणि पुढे ती बाई गेली. न्युमोनियाचे जंतू काही जात विचारून आलेले नव्हते.

"तो काळ गेला," असे आपण म्हणतो. आणि पुष्कळ अंशी गेला हे खरे. पण आपल्याच जिल्ह्यातल्या डॉक्टर पायल तडवी यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी डॉक्टर झाली, मुंबईला स्त्रीरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. निवाडा न्यायालयाने करायचा, तो मी करणार नाही. मी एवढेच म्हणतो की, सातपुड्यातली बाळंतीण जिच्याशी मोकळेपणी बोलली असती अशी एक डॉक्टर आपल्या हातून गेली. अशा किती आहेत आपल्याकडे?

उलट बाजूही सांगतो, कारण ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का येत नाही? उत्तर आले की, तिथे भीती वाटते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढरे कापड आम्ही मेलेल्यावर घालतो. शिवाय नातलगांना जवळ राहू देत नाहीत. मग दवाखाना आदिवासी पाड्यासारखा झोपड्यांचा बांधला, नातेवाइकांना राहायला जागा दिली आणि नाव दिले ते त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे. पुढचे पाऊल आणखी मोठे होते. गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, न्युमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. त्या घरोघर जाऊ लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात निष्कर्ष छापून आला: नवजात बाळांचे मृत्यू शंभरातून ६२ नी घटले. माणसे तीच, रान तेच, गरिबीही जवळपास तीच. फक्त दवाखाना चालत घरापर्यंत आला, आणि तो ओळखीच्या भाषेत बोलत होता. आज आपल्या आशाताई बाळाला पाहायला घरी येतात, त्या पद्धतीचे मूळ गडचिरोलीच्या त्या गावांत आहे.

सिकलसेलसाठीही आता देशपातळीवर काम चालू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासायचे, त्यांना कार्ड द्यायचे, आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करायचे असा संकल्प आहे. चांगली गोष्ट आहे. पण इथे मला एक धास्ती वाटते, ती बोलून दाखवतो. अमेरिकेतही अशीच घाईघाईने तपासणी झाली होती. तेव्हा वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना नीट सांगितला गेला नाही, आणि ज्यांना काहीच आजार नव्हता अशा वाहक तरुणांच्या नोकऱ्यांवर गदा आली. तिथल्या वायुदलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत वाहक तरुणांना प्रवेशच दिला नाही. आपल्याकडे नोकरीआधी लग्न येते. उद्या एखाद्या मुलीच्या कार्डावर "वाहक" लिहिलेले पाहून सोयरीक मोडली, आणि मुलाचे रक्त तपासायचे मात्र कुणाच्या मनातही आले नाही, तर ते कार्ड तिच्या कपाळावरचा डाग होईल. वाहक मुलीचे लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झाले तर त्यांचे मूल या आजाराचे रुग्ण होणार नाही. हे एक वाक्य प्रत्येक पाड्यावर, पावरीत आणि भिलोरीत, कार्ड देण्याच्या आधी पोचले पाहिजे. नंतर नव्हे.

शिक्षकांसाठी थोडे राहिले. तुमच्या वर्गात एखादे मूल असेल, अंगाने रोड, डोळ्यांत पिवळेपणा, थंडी पडली की गैरहजर, हातपाय दुखतात म्हणून खेळाला न येणारे. त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या आईबापांना रक्त तपासून घ्यायला सांगा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. दोष निघाला तर भर वर्गात त्याचे नाव घेऊ नका. त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, हवे तेव्हा पाणी पिऊ द्या आणि लघवीला जाऊ द्या, कारण अंगातले पाणी कमी झाले की पेशी अधिक वाकतात. भर उन्हात धावायला लावू नका, थंडीत गार पाण्याने आंघोळ घालू नका. आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांनी अशा मुलांची नावे आपल्या वहीत निराळी लिहून ठेवावीत. अशा मुलाला रात्री ताप भरला, तर सकाळच्या गाडीची वाट न पाहता तेव्हाच १०८ ला फोन करावा.